आधी भाकरीवाल्या मावशींना जेवू घाला

कोल्हापुरातल्या सर्व मटण खानावळ आणि हॉटेल चालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

जूनच्या पहिल्या शुक्रवारी रात्री आम्ही घरची नऊ माणसं तुमच्यापैकी एकाच्या हॉटेलात जेवायला आलो होतो. त्या हॉटेलचं नाव मी या पत्रात घेणार नाही. मला जे मागायचं आहे ते एकट्या त्या मालकांकडं मागून भागणारं नाही. शिवाय त्यांनी आम्हाला ज्या मायेनं जेवू घातलं, त्यानंतर त्यांच्याकडं कुणी बोट दाखवलेलं मला आवडणार नाही.

निमित्त आईचं होतं. तिनं यंदा मेस बंद केली.

१९९१ च्या जूनमध्ये राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत तिनं सहा डबे सुरू केले, तेव्हा मी तिसरीत होते. बाबा उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मोल्डर होते आणि त्या वर्षी त्यांच्या कामाचे दिवस निम्म्यावर आले होते. सहाचे बारा झाले, बाराचे बेचाळीस. विद्यापीठात शिकणारी पोरं, मग स्पर्धा परीक्षेची पोरं, पुढं नर्सिंगच्या मुली. लांब वहीत मेंबरांची नावं, नावापुढं खाडे. महिनाअखेरीला खाडे वजा करून हिशेब व्हायचा आणि एखाद्याच्या घरून मनीऑर्डर आली नसली तर ते नाव पुढच्या पानावर जायचं, डबा थांबायचा नाही. बाहेरगावच्या पोरांना जेवू घालणं हे या शहराचं जुनं काम आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, १९६२ मध्ये विद्यापीठ आलं. त्या कामात माझ्या आईनं चौतीस वर्षं घातली. मे महिन्यात परीक्षा संपल्या, शेवटचा मेंबर बॅग घेऊन पाया पडून गेला आणि तिनं मोठी तपेली घासून पालथी घातली. गुडघे आता उभं राहू देत नाहीत.

बुधवार आणि रविवार आमच्याकडं मटण असायचं. पहिल्यांदा डबे भरले जायचे. मग घरात बसून जेवणारे मेंबर, मग बाबा आणि माझा भाऊ, मग मी. आई सगळ्यात शेवटी. तोवर तपेल्याच्या बुडाला रस्सा असायचा, मानेचं एखादं हाड आणि तव्यावरची निवलेली भाकरी. ती ताटसुद्धा वाढून घ्यायची नाही. ओट्याला टेकून, उभ्यानं, तपेल्यातच भाकरी कुस्करून खायची. "भांडं एक कमी पडतं घासायला," म्हणायची. हे मी इतकी वर्षं बघितलं आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. माझ्या आईला मटणातला कुठला तुकडा आवडतो, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडं पुरुषांची रस्सा मंडळं असतात. शेतात नाहीतर एखाद्या मळ्यात चूल मांडायची, तपेलं चढवायचं आणि रात्री उशिरापर्यंत पंगती घालायच्या. बाबांचं फौंड्रीतलं रस्सा मंडळ अजून चालू आहे आणि तिथल्या गोष्टी ते आम्हाला चवीनं सांगतात. बायकांनी रस्सा मंडळ केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. बायकांनी चुलीपुढं बसायचं, कुठं तर घरी आणि कुठं तर तुमच्या भटारखान्यात. त्यातलं दुसरं मला त्या शुक्रवारी पहिल्यांदा दिसलं आणि म्हणून हे पत्र.

त्याआधी एकदा आम्ही आईला बाहेर जेवायला नेलं होतं. भावाला नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. ते हॉटेल वेगळं, आता त्याचं नाव काढण्यात अर्थ नाही. रविवार होता, बाहेर माणसं थांबलेली. आईनं भाकरीचा दुसरा चतकोर हातात घेतला आणि तेवढ्यात टेबलावर बिल आलं. पाठोपाठ एक मुलगा फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. बोलला काहीच नाही, नुसता उभा राहिला. आईनं चतकोर ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "घरी कमी पडलं असतं का?" त्यानंतर सतरा वर्षं ती हॉटेलात जेवायला आली नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, हॉटेलात काय खायचं, आणा मटण, मी करते.

म्हणून यंदा आम्ही भीत भीतच निघालो होतो. भाऊ पुण्याहून बायको-मुलाला घेऊन आला होता, मी, माझे यजमान आणि आमच्या दोघी मुली, आई आणि बाबा. नुकता पाऊस लागला होता. बागल चौकात चिखल, रिक्षातून उतरताना आईनं नऊवारीचा काठ मुठीत धरलेला. दारातच भावानं गल्ल्यावर सांगितलं की आज आमच्या आईचं जेवण आहे, चौतीस वर्षं तिनं मेस चालवली आणि आता थांबली आहे. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. आत हाक मारून कुणाला तरी म्हणाले, "कोपऱ्यातलं मोठं टेबल द्या, आणि पाठ टेकायची खुर्ची आणा मावशींना." गुडघ्यांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिची चाल त्यांनी बघितली होती.

वाढायला जे आले ते पन्नाशीच्या पुढचे होते. खांद्यावर पंचा, एका हातात पांढऱ्या रश्श्याचं भांडं, दुसऱ्या हातात डाव. ताटं आली. सुकं मटण, खिमा, अंड्याची वाटी, दही-कांदा, लिंबाची फोड, ज्वारीच्या भाकरीचे चतकोर आणि तांबडा-पांढरा रस्सा. तुम्ही हे रोज बघता, तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. माझ्या धाकटीला मात्र आजी आपल्यासोबत ताटावर बसली आहे याचंच जास्त अप्रूप होतं. ती सारखी आजीच्या ताटाकडं बघत होती.

आणि आई अर्धवट उठली. तिचा हात वाढणाऱ्यांच्या डावाकडं गेला. "द्या इकडं, पोरांना मी वाढते." चौतीस वर्षांची सवय.

त्यांनी डाव मागं घेतला. "मावशी, बसा की. आज तुमच्या हातात डाव न्हाई द्यायचा."

ती बसली. त्यांनी नऊ जणांत पहिली वाटी तिची भरली. माझ्या आठवणीत माझ्या आईला पहिलं ताट मिळालेलं हे पहिलंच.

पांढऱ्या रश्श्याची वाटी तिनं दोन्ही हातांनी उचलली, वास घेतला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. आम्ही सगळे थांबलो. "खसखस आहे," ती म्हणाली. "तिळावर भागवलेलं नाही." मग दुसरा घोट. "आणि मिरी पांढरी. काळ्या मिरीनं रंग मळकतो." वाढणारे हसले आणि आत जाऊन आचाऱ्यालाच घेऊन आले. जेमतेम तिशीचा मुलगा, कपाळावर घाम, एप्रन लालभडक. तो हात पुसत उभा राहिला, जणू काही चुकलंय म्हणून बोलावलंय. आईनं त्याला विचारलं, "खोबऱ्याचं दूध कधी घालतोस?"

"सगळ्यात शेवटी, मावशी. मटणाचं आळणी पाणी उकळून गार होत आलं की. मग डाव थांबवत न्हाई."

"उकळी?"

"येऊ देत न्हाई. आली की फाटतंय."

आईनं मान डोलावली. त्यांचं बोलणं पाचेक मिनिटं चाललं असेल. मटण शिजवताना हळद घालायचा मोह कसा आवरायचा, तीळ जास्त झाले की रस्सा कडवट कसा पडतो, तांबड्याला चटणी आधी तेलात किती परतायची. आमच्या घरची चटणी एप्रिलमध्ये डंकावर कुटून आणतात. मिरच्यांची देठं आम्ही गल्लीतल्या बायका मिळून काढतो, तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी. तो आचारी म्हणाला, त्याची आईही तशीच करते आणि तो तिच्याकडूनच शिकला. बाहेरगावी मेनूकार्डावर पनीर कोल्हापुरी, व्हेज कोल्हापुरी असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि ताटात नुसता लाल जाळ येतो. माझी फार इच्छा आहे की ते लिहिणाऱ्यांनी एकदा हे दोघांचं बोलणं ऐकावं. आपल्या जेवणात तिखट आहे, पण त्याला शेजारी पांढरा आहे आणि तो करायला तांबड्यापेक्षा जास्त लक्ष लागतं.

मग बाबांनी एक गोष्ट केली. घरात नळी, म्हणजे आत मगज असलेलं हाड, नेहमी बाबांच्या ताटात जायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तसंच होतं. त्या दिवशी त्यांच्या सुक्यात एक लांब नळी आली. त्यांनी ती उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि आईच्या ताटात ठेवली. काही बोलले नाहीत, खाली बघून भाकरी मोडत राहिले. आईनं नळी ताटाच्या कडेवर दोनदा आपटली, ओठाला लावली आणि ओढली. इतक्या सराईतपणे, की मला कळलं, तिला हे येत होतं. लहानपणी माहेरी तिनं खाल्ली असणार. लग्नानंतर सोडून दिली असणार.

मी पत्राच्या मुद्द्यावरून भरकटले नाही. तुम्ही गिऱ्हाइकांना काय देता हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

त्या वाढणाऱ्या मामांनी (आमच्या मुली त्यांना मामाच म्हणायला लागल्या होत्या) चौथ्यांदा पांढरा आणला तेव्हा आईनं वाटीवर हात ठेवला. ते वाकून म्हणाले, "अर्धाच डाव. गरम हाय. मेसमधली पोरं न्हाई म्हटली की तुम्ही ऐकत होतासा का?" आईनं हात काढला. तिनं आयुष्यभर दुसऱ्याला केलेला आग्रह तिला कुणीतरी केला. तेवढ्या अर्ध्या डावासाठी मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे. बाहेर पंधरा-वीस माणसं पावसात छत्र्या धरून उभी होती आणि ते घाईत होते, हे मला दिसत होतं. तरी ते वाकले आणि थांबले.

हात धुवायला मी आईला आत घेऊन गेले. तुमच्या बहुतेक हॉटेलांत असतं तसंच, बेसिनच्या पलीकडं भटारखान्याचं दार अर्धं उघडं होतं. आत दोघी भाकऱ्या थापत होत्या. एक साठीकडं झुकलेली, एक चाळिशीची. परातीत पीठ, शेजारी पाण्याचं पातेलं, समोर दोन तवे आणि खाली निखारा पाडलेली भट्टी. आई हात पुसता पुसता थांबली. ती त्या थोरलीच्या हातांकडं बघत राहिली. गोळा घेतला, परातीत पीठ भुरभुरलं, तळहात फिरत फिरत कडेपर्यंत गेला, भाकरी उचलून तव्यावर, वरून पाण्याचा हात, उलटली, तव्यावरून काढून निखाऱ्याला लावली, फुगली. मिनिटभराचं काम. आणि लगेच पुढचा गोळा.

"नवं पीठ दिसतंय," आई दारातूनच म्हणाली. "कड चिरत नाही."

ती बाई हसली. "आजच दळून आणलंय. विरी गेल्याल्या पिठाला कोण हात लावतंय."

"किती झाल्या?"

"शुक्रवार हाय. माझ्या एकटीच्या दोनशे तरी हुतील."

"आणि जेवलीस?"

"न्हाई अजून."

घड्याळात सव्वादहा झाले होते. आईनं विचारलं, मग कधी? तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगितलं, सहाला चुलीपुढं बसतो, गिऱ्हाईक संपलं की उठतो, साडेअकरा होतात. मग जेवण. मालक उपाशी ठेवत नाहीत, रस्सा असतो, भात असतो. सुकं बऱ्याचदा संपलेलं असतं. "पर तवर भूक मरतीया. आणि दोनशे भाकरी थापल्यावर भाकरीकडं बघू वाटत न्हाई. भातच खाते जरासा, गार झाल्याला."

आईनं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला. पिठानं माखलेला होता. अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या टोकाला चटक्याचे काळे डाग. आईच्या हाताला अगदी त्याच जागी तसेच डाग आहेत. दोघी एकमेकींच्या बोटांकडं बघत राहिल्या. चाळिशीतल्या बाईनं तेवढ्यात थोरलीच्या वाटच्या दोन भाकऱ्या तव्यावरून काढल्या.

"मी चौतीस वर्षं मागनं जेवले," आई म्हणाली. "गुडघे गेले ते उभं राहून. पण पित्त झालं ते मागनं जेवून. डॉक्टर तेच सांगतोय. तू आधी खात जा, बाई."

"आधी कोण देतंय?" ती म्हणाली. रागानं नाही, अगदी साधेपणानं. जसं पावसात भिजणारच असं म्हणावं तसं.

निघताना गल्ल्यावरचे मालक स्वतः बडीशेप घेऊन आले. बिलातून नऊ ताटांपैकी आईचं ताट त्यांनी वजा केलं होतं. भाऊ नको नको म्हणत होता, ते ऐकेनात. आई त्यांना म्हणाली, "जेवण झकास झालं. असा पांढरा मी माझ्या हातानंसुद्धा रोज करू शकले नसते. एक सांगू का? तुमच्या भाकरीवाल्या बायकांना आधी जेवू घाला."

ते गडबडले. मग म्हणाले, "मावशी, सातलाच गर्दी सुरू होते. जमत नाही."

"मग सहाला घाला."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "बघतो," म्हणाले. माणूस चांगला आहे, मनापासून म्हणाले असतील. पण घरी आल्यापासून आई मला दर दोन-चार दिवसांनी विचारते, त्यांनी काय केलं गं? मला उत्तर देता येत नाही. आणि माझ्या लक्षात आलं की प्रश्न एका भटारखान्याचा नाही. गंगावेशीपासून ताराबाई पार्कापर्यंत, कसबा बावड्यापासून राजारामपुरीपर्यंत जितकी ताटं त्या रात्री वाढली गेली, त्यातल्या कितीतरी भाकऱ्या कुणीतरी उपाशीपोटी थापल्या असतील.

म्हणून तुम्हा सगळ्यांकडं माझं मागणं आहे. संध्याकाळचा धंदा सुरू होण्याआधी, सहाच्या सुमाराला, भाकरीवाल्या मावशी, भांडी घासणाऱ्या बायका, वाढणारे, आचारी, सगळ्यांना बसवून गरम जेवू घाला. पाटावर, खुर्चीवर, कुठंही, पण बसवून. आणि त्या ताटात सुकं असू द्या. दुपारी धंदा असतो त्यांनी दुपारीही तसंच करावं.

अडचणी मला ठाऊक आहेत. मी हॉटेल चालवलेलं नाही, पण मेस असलेल्या घरात वाढले आहे. सहाला मटण शिजून तयार नसतं, असं तुम्ही म्हणाल. तुमच्याकडं आळणी पाणी चारलाच चुलीवर असतं, पहिला घाणा पाचला उतरतो. त्यातलं दहा माणसांचं बाजूला काढायला अर्धा किलो-किलोच लागेल. खर्च वाढतो म्हणाल, तर तेच मटण रात्री साडेअकराला तुम्ही त्यांना देणारच असता, आपल्याकडं माणसाला उपाशी कुणी घरी पाठवत नाही. फक्त वेळ बदलायची आहे. जेवल्यावर हात जड होतात, असंही एकानं मला सांगितलं. आईच्या हाताखाली कामाला दोन बायका होत्या. स्वतः शेवटी जेवणाऱ्या माझ्या आईनं त्या दोघींना कधी मागनं जेवू दिलं नाही. सकाळी अकराला, डबे भरायच्या आधी, त्यांना ताट असायचं. मी एकदा तिला विचारलं होतं, मग तू का नाही बसत? ती म्हणाली होती, "त्या कामाला येतात. त्यांना भूक लागल्यावर मीठ कमी-जास्त झालं तर मी कुणाला बोलू?" स्वतःला ती कामाला आलेली समजतच नव्हती. तो हिशेब तिचा तिनं आता चुकता केला आहे. तुमच्याकडच्या बायका मात्र कामालाच येतात.

कायद्याचं बोट धरायला मला आवडत नाही, तरी सांगते. महाराष्ट्रात २०१७ मध्ये दुकानं आणि आस्थापनांचा कायदा झाला, त्यात सलग पाच तास काम झालं की निदान अर्ध्या तासाची विश्रांती, असं घातलं गेलं होतं. सहा ते साडेअकरा म्हणजे साडेपाच तास होतात. पण माझ्या आईनं कायदा वाचलेला नाही, तिनं त्या बाईची बोटं बघितली. मलाही त्या बोटांवरूनच तुमच्याशी बोलायचं आहे.

आणि हे मागणं मी कोल्हापुरात मागते आहे, म्हणून जरा हक्कानं मागते. गंगाराम कांबळे यांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. संस्थानच्या पागेत कामाला असलेल्या, अस्पृश्य समजल्या गेलेल्या या माणसाला पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांचं सत्यसुधारक हॉटेल सुरू झालं. ज्याच्या हातचं पाणी लोक घेत नव्हते, त्याच्या हॉटेलपुढं महाराजांची गाडी थांबायची. महाराज चहा मागवायचे, स्वतः घ्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. शंभर वर्षांमागं या गावातल्या एका हॉटेलच्या बाकावर केवढी गोष्ट झाली! चुलीपुढच्या बाईला साडेपाच तास आधी ताट देणं त्याच्यापुढं फार लहान आहे. या शहरानं २०१९ च्या अखेरीला मटणाच्या दरावरून आंदोलन केलं, बैठका घेतल्या, कृती समिती केली. आपण मटणाच्या ताटासाठी एवढं करणारी माणसं आहोत. त्या ताटातली भाकरी जिनं केली, तिच्या ताटासाठी हे एवढं आपल्याला जड नाही.

तुमच्यापैकी काहींकडं ही पद्धत आधीपासून असेल. असेलच. त्यांना माझ्या आईचा नमस्कार सांगते. त्यांनी ते इतरांना सांगावं, कसं बसवतात, किती वाजता, कोण कुणाला वाढतं. मी सांगण्यापेक्षा एका हॉटेलवाल्यानं दुसऱ्याला सांगितलेलं लवकर पटेल.

आता आषाढ चालू आहे. टेंबलाई देवीला नदीचं नवं पाणी घालायला बायका डोंगर चढतील, घराघरांत आणि तुमच्याकडं शेवटची गर्दी होईल आणि मग श्रावण लागेल. श्रावणात तुमची टेबलं मोकळी असतात, काहीजण रंगरंगोटी काढतात, भट्ट्या दुरुस्त करतात. नवी वेळ बसवायला याहून बरा महिना नाही. भट्टीसमोर एक पंखा आणि पाठ टेकायला येईल असं एखादं स्टूल तेव्हाच लावून घेता आलं तर तेही बघा. आमच्यासाठी तुम्ही पाठीची खुर्ची न सांगता आणली होती.

गणपती गेले की आम्ही पुन्हा त्याच हॉटेलात जेवायला येणार आहोत. यावेळी निमित्त काही नाही. आईनं मला आत्ताच सांगून ठेवलंय की आठला नको, सहाला जाऊ. आपल्याला जागा मिळाली नाही तरी चालेल, बाहेर बसू. तिला तेवढं भटारखान्याचं दार उघडं असताना आत बघायचं आहे.

आपली,
राजारामपुरीतल्या एका मेसवाल्या बाईची मुलगी